काउंटरवर दिवसभर बोलते, मग माईकसमोरच वाचा का बसते?

प्रश्न : खानापूरची लेक

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका पतसंस्थेत काउंटरवर काम करते. दिवसाकाठी शंभरेक माणसांशी माझे बोलणे होते. ठेवीची मुदत संपली की नाही हे चारचारदा विचारणारे आजोबा, हप्ता थकल्यामुळे आधीच चिडून आलेले दुकानदार, संध्याकाळी हिशेब जुळेना म्हणून डोक्याला हात लावून बसलेले, घरोघरून रोजची ठेव गोळा करणारे पिग्मीवाले, या सगळ्यांशी मी मराठीत, कन्नडमध्ये आणि गरज पडली तर मोडक्यातोडक्या कोंकणीतही न अडखळता बोलते. त्यामुळे मी बोलकी आहे अशी सगळ्यांची समजूत आहे आणि माझीही तीच होती.

गेल्या गणेशोत्सवात गल्लीतल्या मंडळाच्या बक्षीस समारंभात पाहुण्यांचा परिचय करून देण्याचे काम माझ्याकडे आले. मजकूर एका गुरुजींनी लिहून दिला होता आणि तो मी आठ दिवस पाठ केला होता. नाव पुकारले गेले तेव्हा पोटात गोळा आला, तळहात गार पडले आणि जीभ टाळूला चिकटली. हातातला कागद इतका थरथरत होता की त्याचा कोपरा माईकला घासून होणारी खरखर गल्लीच्या टोकाच्या कर्ण्यातून मलाच ऐकू येत होती, आणि ती ऐकून हात आणखी थरथरत होता. ‘ज्यांच्या कर्तृत्वाचा परिमळ’ इथपर्यंत कशीबशी पोचले आणि पुढचे सगळे पुसले गेले. कागद डोळ्यांसमोर असूनही ओळ सापडेना. शेवटी ‘मी पाहुण्यांचे स्वागत करते’ एवढे म्हणून खाली उतरले.

आता जानेवारीत, सुगी आटोपल्यावर, आमच्या गावात साहित्य संमेलन आहे आणि संमेलनाध्यक्षांचा परिचय मीच करून द्यावा असे ठरले आहे. वडील समितीवर असल्याने नाही म्हणण्याची सोय नाही. जी बाई काउंटरवर घाबरत नाही ती माईकसमोर का घाबरते, आणि दीड महिन्यात यावर काही करता येईल का, हे जाणून घ्यायचे आहे.

आणखी एक गोष्ट सांगते. तिचा संबंध आहे की नाही ठाऊक नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका प्रशिक्षणाला गेले असताना मी सहज ‘मी उद्या लवकर येतो’ असे म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडण्यापूर्वी मी मनातल्या मनात वाक्य तपासते.

उत्तर १ : निवृत्त डॉक्टर, बेळगाव

ताई, तुमच्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. काउंटरवर समोरचा माणूस एक वाक्य बोलतो, तुम्ही एक बोलता, तो मान हलवतो किंवा कपाळाला आठी घालतो, आणि त्यावरून तुमचे पुढचे वाक्य आपसूक ठरते. व्यासपीठावर ही देवघेव बंद पडते. दोनशे चेहरे एकाच वेळी पाहत असतात, उत्तर कोणीच देत नाही, आणि गप्प चेहऱ्याचा अर्थ घाबरलेले मन नेहमी वाईटच लावते. शिवाय काउंटरवर लोक कामासाठी आलेले असतात, तुम्हाला पारखायला आलेले नसतात. मंचावर आपण पारखले जात आहोत असे वाटते. माणूस समूहात राहणारा प्राणी असल्यामुळे चारचौघांत हसे होण्याची धास्ती त्याला खऱ्याखुऱ्या संकटाइतकी हलवून सोडते.

पुढचे काम शरीर करते. मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची सूचना देतो आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या ग्रंथी ॲड्रेनलिन रक्तात सोडतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५च्या सुमारास या प्रतिक्रियेची मांडणी केली. लढायला किंवा पळायला शरीर सज्ज करणे हा तिचा हेतू असतो. मोठ्या स्नायूंना रक्त हवे म्हणून छाती धडधडते. ते रक्त त्वचेकडून आणि पोटाकडून वळवले जाते म्हणून हात गार पडतात आणि पोटात गोळा येतो. लाळ कमी होते म्हणून जीभ चिकटते. पळण्यासाठी ताणलेले स्नायू एका जागी उभे करून ठेवले की ते थरथरतात, आणि तुमच्या बाबतीत ती थरथर कागदाने कर्ण्यापर्यंत पोचवली. कागद समोर असून ओळ सापडली नाही, कारण तुमचे लक्ष कागदावर नव्हतेच. ते स्वतःच्या हातावर, आवाजावर आणि खरखरीवर खर्च होत होते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ॲड्रेनलिनचा हा झटका फार वेळ टिकत नाही. बहुतेक वक्त्यांची धडधड बोलायला उभे राहताना आणि पहिल्या एकदोन मिनिटांत सर्वाधिक असते, आणि पुढे बोलत राहिले तर ती आपोआप उतरू लागते. तुम्ही नेमक्या त्याच मिनिटात खाली उतरलात. उतरल्याबरोबर बरे वाटले, आणि ‘पळाले म्हणून वाचले’ हा धडा मेंदूने पक्का केला. दोनच मिनिटे आणखी थांबला असतात तर त्याच मेंदूने दुसरा धडा घेतला असता.

आपली घाबरगुंडी सगळ्यांना दिसते ही समजूतही तपासून पाहा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवण्यात आले. जवळजवळ निम्म्या जणांच्या हे लक्षात आले असेल असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात साधारण पाव जणांच्याच लक्षात आले होते. त्याच मंडळींपैकी दोघांनी २००३ साली भाषण करणाऱ्यांवर प्रयोग केले. वक्त्यांना स्वतःची भीती जितकी उघडी पडल्यासारखी वाटत होती तितकी ती श्रोत्यांना दिसत नव्हती, आणि ही गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली होती त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. एवढ्यासाठीच मी हे इथे सविस्तर लिहीत आहे.

मंचावर जाण्यापूर्वी पाच मिनिटे श्वास सावकाश आत घ्या आणि त्याहून सावकाश बाहेर सोडा. उच्छ्वास लांबला की हृदयाचा वेग उतरवणाऱ्या मज्जातंतूला वाव मिळतो. ‘शांत हो, शांत हो’ असे स्वतःला बजावण्याचा मात्र फारसा उपयोग होत नाही, कारण धडधडणारी छाती हुकूम ऐकत नाही. २०१४ साली हार्वर्डमधल्या एका संशोधिकेने दाखवून दिले की ‘मला हुरूप आला आहे’ असे स्वतःशी मोठ्याने म्हणणारे लोक शांत होऊ पाहणाऱ्यांपेक्षा चांगले गायले आणि चांगले बोलले. भीतीची धडधड आणि हुरुपाची धडधड शरीराला जवळजवळ सारखीच असते. नाव बदलणे त्यामानाने सोपे जाते.

उत्तर २ : जुना हौशी नट, शहापूर-बेळगाव

डॉक्टरांनी कारणे सांगितली आहेत, मी कारागिरी सांगतो. पंचवीस वर्षे हौशी नाटकांत कामे करूनही तिसरी घंटा झाली की मला अजून जांभया येतात आणि विंगेतून दोनदा तरी बाहेर जाऊन यावे लागते. नारळ वाढवून झाला, नांदी सुरू झाली, तरी हे चुकत नाही. भीती जाण्याची वाट पाहत बसलो असतो तर माझी एकही एंट्री झाली नसती. लॉरेन्स ऑलिव्हिएसारखा इंग्रज नट कीर्तीच्या शिखरावर असताना, १९६४नंतर काही वर्षे या भीतीने असा पछाडला गेला होता की बरोबरच्या नटाला तो आपल्याला दिसेल अशा जागी विंगेत उभे राहायला सांगत असे. तुम्हीही हेच करा. एखादी मैत्रीण पहिल्या दोन रांगांत ठरलेल्या खुर्चीवर बसवा आणि पहिले वाक्य तिला सांगा. समोर दगडधोंडे आहेत असे समजा, मागच्या भिंतीकडे पाहा, असे सल्ले तुम्हाला मिळतील. मला ते कधी पटले नाहीत. दगडांशी बोलायची सवय कोणाला असते? तुम्हाला माणसांशी बोलायची सवय आहे, तिचाच उपयोग करावा.

आता खरी गोम सांगतो. तुम्ही अडखळलात ती जागा पाहा : ‘कर्तृत्वाचा परिमळ’. काउंटरवर कधी कोणाला परिमळ म्हणालात का? ते वाक्य गुरुजींचे होते, तुमच्या तोंडचे नव्हते. नटाला दुसऱ्याचे वाक्य आपले करायला महिनाभर तालीम लागते आणि तरीही फंबल होतो. तुम्ही ते आठ दिवसांत पाठ केले, आणि पाठांतरातली एक कडी निसटली की पुढची साखळीच हाती लागत नाही. म्हणून या वेळी मजकूर तुम्ही स्वतः लिहा. अध्यक्षांविषयी तुम्हाला ठाऊक असलेल्या तीनच गोष्टी निवडा. पुरस्कारांची यादी पत्रिकेत छापलेली असते, ती वाचून दाखवू नका. त्यांच्या लेखनातले तुम्हाला काय आवडले हे शेजारणीला सांगता तसे सांगा. पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य मात्र शब्दशः तोंडात बसवा, म्हणजे डॉक्टर म्हणतात ते वाईट मिनिट पार पडेपर्यंत विचार करावा लागणार नाही. मधल्या भागाचे नुसते मुद्दे असू द्या.

मुद्दे कागदावर लिहू नका. घरात जुन्या लग्नपत्रिका असतीलच. त्यांच्या जाड पुठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहा. हात थरथरला तरी पुठ्ठा फडफडत नाही.

तालीम मनात करू नका. उभे राहून, मोठ्याने, त्या दिवशी नेसणार तीच साडी आणि त्याच चपला घालून करा; निऱ्या पायात अडकण्याची धास्तीही मंचावर डोके खाते, आणि ती घरीच मिटवता येते. प्रथम घरच्यांसमोर, मग चार शेजाऱ्यांसमोर, मग एखाद्या हळदीकुंकवाला किंवा संस्थेच्या छोट्या बैठकीत दोन मिनिटे, अशी श्रोत्यांची संख्या वाढवत न्या. दीड महिना त्याला पुरेसा आहे.

आणि पुढचे आठवलेच नाही तर? थांबा, पुठ्ठ्याकडे पाहा, पाण्याचा घोट घ्या. तुम्हाला तो काळ युगासारखा वाटेल, लोकांना वाटेल की बाईंनी पॉज घेतला. एका प्रयोगात मी संवादांच्या दोन पानांवरून उडी मारली होती. समोरच्या नटाने ती सांभाळून घेतली, आणि प्रेक्षकांपैकी फक्त माझ्या पत्नीला ती कळली, कारण महिनाभर घरात माझे पाठांतर तिनेच ऐकले होते.

उत्तर ३ : पंचायत सदस्य, चिकोडी भाग

ताईंना माणसांची भीती वाटते, मला भाषेची वाटत असे. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले आणि तालुक्याच्या बैठकीत पाण्याच्या योजनेवर कन्नडमध्ये बोलण्याची वेळ आली. बाजारात कन्नड बोलणे वेगळे आणि अधिकाऱ्यांसमोर ‘कामगारी’, ‘अनुदान’ असल्या शब्दांची कन्नड बोलणे वेगळे. सुरुवातीला मी उभे राहिल्याबरोबर ‘तप्पादरे क्षमिसि’, म्हणजे चुकले तर क्षमा करा, असे म्हणत असे. पुढे माझ्या लक्षात आले की असे म्हटल्यावर समोरचे लोक चुकाच मोजायला बसतात. आता मी क्षमा मागत नाही. गावात किती घरे आहेत, बोअरवेल किती चालू आणि किती बंद आहेत, हे आकडे सांगून सुरुवात करतो. आकड्यांना व्याकरण लागत नाही, आणि ते सांगून होईपर्यंत आवाज ताळ्यावर आलेला असतो. ताईंनीही सुरुवातीला ‘मला बोलायची सवय नाही’ असे म्हणू नये.

उत्तर ४ : निनावी वाचक

एवढा खटाटोप कशाला? माझा एक मावसभाऊ गातो, तो कार्यक्रमापूर्वी प्रोप्रॅनोलॉलची एक गोळी घेतो आणि त्याचा हात जराही हलत नाही. तीच घ्यावी.

निवृत्त डॉक्टर, बेळगाव : हे औषध १९६०च्या दशकात हृदयविकारासाठी तयार झाले आणि ते हातांची थरथर व धडधड कमी करते हे खरे आहे, अनेक वादक ते घेतात. परंतु दमा असलेल्या माणसाला त्याने गंभीर त्रास होऊ शकतो, आणि ज्यांची नाडी किंवा रक्तदाब मुळातच कमी आहे त्यांनाही ते चालत नाही. दुसऱ्याच्या डबीतली गोळी तर मुळीच घेऊ नये. शिवाय ते शरीराचा कंप थांबवते, मनातली चिंता तशीच राहते. ताईंना वर्षातून एकदा परिचय करून द्यायचा आहे, त्यासाठी मी ते लिहून दिले नसते. मात्र ज्यांना सभेचीच नव्हे तर वर्गात हजेरी देण्याची, अनोळखी माणसाला फोन करण्याची किंवा चारचौघांत जेवण्याचीही अशी भीती महिनोन्‌महिने वाटते आणि त्यापायी शिक्षण किंवा नोकरी अडते, त्यांनी तिला निव्वळ लाजाळूपणा समजून अंगावर काढू नये. त्यावर बोलण्याचे उपचार आहेत आणि ते गुणकारी आहेत. सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे.

उत्तर ५ : इतिहासाचा शिक्षक, टिळकवाडी-बेळगाव

माझ्या विद्यार्थ्यांना मी जे सांगतो ते इथेही सांगतो. लंडनमध्ये शिकत असताना शाकाहारी मंडळाच्या सभेत गांधीजींना स्वतः लिहून आणलेले भाषणही वाचता आले नव्हते. ते दुसऱ्याने वाचून दाखवले. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीसाठी ते उभे राहिले, त्यांचे डोके गरगरले, एकही प्रश्न सुचेना, आणि ते खाली बसले. तीस रुपये फी परत करून त्यांनी तो खटला सोडला. हे सारे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. तोच माणूस डिसेंबर १९२४ मध्ये आमच्या टिळकवाडीत, जिथे त्या वेळी खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे, राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचा अध्यक्ष होता. ती एकच वेळ, जेव्हा त्यांनी ते पद स्वीकारले. लाजाळूपणामुळे शब्द जपून वापरण्याची सवय लागली असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांची साधी, लहान वाक्ये पाहिली तर ते पटते.

‘मी येतो’ याविषयीही थोडे. कोल्हापूरपासून आपल्या भागापर्यंत बायका पिढ्यान्‌पिढ्या ‘मी आलो, मी जातो’ असेच बोलत आल्या आहेत. ही चूक नसून बोलीची रीत आहे, आणि हसणाऱ्यांना मराठीचा नकाशा माहीत नव्हता एवढेच त्यावरून सिद्ध होते. तरीही संमेलनाच्या मंचावर प्रमाणभाषेची अपेक्षा असते असे माझे मत आहे. त्यावर एक साधी युक्ती आहे. ‘मी सांगतो’ की ‘मी सांगते’ असा पेच येण्याऐवजी वाक्याची रचनाच ‘मला सांगावेसे वाटते’, ‘मला आनंद होतो’ अशी करावी, म्हणजे क्रियापद तपासत बसण्याचे कारणच उरत नाही.

जुना हौशी नट, शहापूर-बेळगाव : टिळकवाडीचे गुरुजी, युक्ती उत्तम आहे, पण मत मला मान्य नाही. आपल्याच गावच्या मांडवात, आपल्याच माणसांपुढे ‘येतो’ म्हणाली तर काय बिघडेल? जे वाक्य तपासावे लागत नाही तेच न अडखळता बाहेर पडते.

उत्तर ६ : भजनी मंडळातला टाळकरी, नंदगड

आमचे महाराज कीर्तनाला उभे राहिले की आधी ‘पुंडलिक वरदे’ म्हणतात आणि मांडव ‘हरी विठ्ठल’ म्हणून उत्तर देतो. डॉक्टरांनी लिहिलेला लांब उच्छ्वास त्यात आपोआप होतो आणि समोरून उत्तरही येते. ताईंना काउंटरवर जी देवघेव मिळते तीच ही. संमेलनात गजर करता येणार नाही हे खरे, पण आपल्या गावात सकाळी ग्रंथदिंडी निघतेच. ‘सकाळच्या दिंडीत कोण कोण चालले?’ एवढेच हसून विचारावे. हात वर होतात, लोक एकमेकांकडे पाहून हसतात, आणि आपण एकटे पडलो आहोत असे वाटत नाही.

खानापूरची लेक

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरकाका, त्या दिवशी मी नेमक्या वाईट मिनिटात खाली उतरले हे वाचून मला पहिल्यांदा स्वतःचा राग न येता हसू आले. गुरुजींचा मजकूर मी बाजूला ठेवला आहे आणि अध्यक्षांच्या दोन कथा पुन्हा वाचून तीन मुद्दे भावाच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकेमागे लिहिले आहेत. काल संध्याकाळी शटर अर्धे ओढून तीन पिग्मीवाले आणि आमचा शिपाई यांच्यासमोर उभी राहिले. छाती धडधडली, पण ‘दिंडीत कोण कोण चालले’ असे विचारल्यावर शिपाईमामांनी खरोखरच हात वर केला आणि पुढचे सगळे सरळ पार पडले. संपल्यावर एका पिग्मीवाल्याने ‘परिचय बरा झाला, पण त्या कथेत शेवटी म्हशीचे काय झाले?’ असे विचारले, म्हणजे त्याने ऐकले होते. ‘सांगतो’ की ‘सांगते’ हे मी अजून ठरवलेले नाही. काल तोंडातून ‘सांगतो’ असे गेले आणि कोणी हसले नाही.

एक शंका उरली आहे. माझ्या आधी बोलणारे स्वागताध्यक्ष सहा फूट उंच आहेत आणि मी पाच फुटांची. माईक तोंडासमोर कसा आणावा?

जुना हौशी नट, शहापूर-बेळगाव : संमेलनाच्या दिवशी अर्धा तास आधी जाऊन माईकवाल्याची ओळख करून घ्या आणि स्टँडचा पेच कोणत्या बाजूला सैल होतो ते हाताने फिरवून पाहा. त्याला चहा द्या आणि तुमचे नाव पुकारले की त्याने स्वतः येऊन स्टँड खाली करावा असे सांगून ठेवा. तो स्टँड खाली करत असताना तुम्ही गप्प उभ्या राहा, श्वास सोडा आणि मैत्रीण कुठे बसली आहे ते शोधा. माईक हनुवटीच्या किंचित खाली, वीतभर अंतरावर असू द्या. त्यावर टिचक्या मारू नका आणि ‘हॅलो, हॅलो’ही म्हणू नका.